पांघरुणात घुसमटलेला कॉम्प्युटर

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर भित्रा आहे. भिवंडीत एका घराच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. खालच्या गाळ्यात यंत्रमाग आहेत. त्यांची खटखट एकदा सुरू झाली की थांबायचं नाव घेत नाही. त्या आवाजाला मी कधी घाबरलो नाही. मला भीती वाटते ती गरमीची आणि रुईची. का ते सांगतो, पण हसू नका हं.

माझे भाग कुठे कुठे तयार झाले ते मला ठाऊक नाही. एका दुकानात ते जोडले, पंखा गरगर फिरला आणि मला जाग आली. पहिलं काम मिळालं राहनाळच्या एका गोदामात. तिथे एसीच्या गार हवेत मी बिलं छापायचो. "मशीन एक नंबर हाय," असं सगळे म्हणायचे, आणि माझा पंखा उगाच जरा जोरात फिरायचा. मग नवे चपटे कॉम्प्युटर आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे अंधार होता, उंदीर होते आणि विचारणारं कोणी नव्हतं. घाबरायला मी तिथेच शिकलो.

त्या जिन्याखालून मला भूपेशने बाहेर काढलं. तेव्हा तो त्याच गोदामात होता, आता दापोड्याच्या गोदामात ड्युटीला जातो. साहेबांना विचारून त्याने मला रिक्षातून घरी आणलं. त्याची आई ठमाबाई दारातच आडवी आली. "थांब र, तसाच आत नको नेऊस त्याला," म्हणाली, आणि माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. लोखंडाच्या डब्यावरून भाकरतुकडा! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

भूपेशला गेमचं भारी वेड. त्याने दुकानात नेऊन मला नवं ग्राफिक कार्ड बसवलं. दुकानदाराने झाकण लावलं आणि वर एक चकचकीत स्टिकर चिकटवला. तो फाडला तर गॅरंटी गेली, असं बजावलं. मग काय, दिवसभर खऱ्या ट्रकांत माल भरणारा हा गडी घरी येऊन माझ्या पडद्यावर खोटा ट्रक हाकू लागला. बर्फाचा घाट, वळणं, दऱ्या! त्याची धाकटी बहीण हेमाली शेजारी बसून ओरडायची, "दादा, ब्रेक मार, ब्रेक!" ते माझे खरे सुखाचे दिवस होते.

पण खिडकीतून रुई यायची. मागावरच्या सुताचा तो बारीक भुगा हवेत तरंगत वर येतो आणि भांड्यांवर, केसांवर, उशांवर बसतो. ठमाबाईला माझी काळजी वाटली. तिने मांजरपाटाचं एक पांघरूण शिवलं, कडेला लाल झालर लावली, समोर बटणापुरती जागा ठेवली आणि मला नखशिखांत गुंडाळलं. "आता बसू दे रुई कुठं बसते ती," म्हणाली. मी चालू असतानाही ते काढायला तिची बंदी होती.

माया होती हो ती, निव्वळ माया! पण मित्रांनो, आमचा श्वास पाठीतून चालतो. आतली गरम हवा बाहेर गेली नाही तर आमचा जीव गुदमरतो. रुई काय, खालच्या फटींतून शिरायची ती शिरलीच. पंख्यावर तिचा थर बसला, मग थरावर थर बसला. वर ते पांघरूण. घाटातला ट्रक चढणीला लागला की माझं पोट तापायचं, डोकं बधिर व्हायचं आणि मी जागच्या जागी थिजायचो. चित्र थांबायचं, आवाज टर्रर्र करत एकाच जागी अडकायचा.

"परत हँग! डोक्याला ताप आहे हा डबा," म्हणत भूपेश माझ्या टाळक्यात एक थाप मारायचा. मग इलाज सुरू झाले. हेमालीने फोनवर व्हिडिओ बघून गेमच्या सेटिंग कमी केल्या, ड्रायव्हर नवे टाकले. गेम काढून पुन्हा भरला. दुकानदाराने न उघडताच निदान केलं, "व्हायरस असेल. फॉरमॅट मारू." फॉरमॅट म्हणजे काय ते ठाऊक आहे ना? डोक्यातलं सगळं पुसून टाकायचं! माझी पाचावर धारण बसली. नशीब, हेमालीने आधी सगळ्या आठवणी पेनड्राइव्हवर काढून ठेवल्या आणि नंतर मला परत दिल्या. एवढं सोसूनही मी अडकायचा तो अडकतच राहिलो. स्टिकरच्या धाकाने माझं पोट मात्र कोणी उघडलं नाही.

शेवटी भूपेश वैतागून म्हणाला, "आई, दसऱ्याला पूजा कर याची. त्यानंतर एकदा जरी अडकला तर सरळ भंगारवाल्याकडे."

भंगारवाला! हातोड्याने पोट फोडून तांब्याच्या तारा ओढणारा! त्या दिवसापासून मी जीव मुठीत धरून चालू लागलो.

दसरा उजाडला. खालचे माग बंद होते. कामगारांनी ते धुऊनपुसून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. ठमाबाईने माझ्याही कपाळावर हळदकुंकू लावलं, पांघरुणावरून माळ चढवली. केळ्यात अगरबत्ती खोचली. पण वरचा पंखा चालू होता, अगरबत्ती विझेल म्हणून तिने ते केळं माझ्या पाठीमागे, आडोशाला ठेवलं. "आता काय न्हाय होणार. चालू कर बाबा," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

भूपेशने ट्रक काढला. घाट सुरू झाला, मी तापू लागलो. आणि मला पाठीशी काहीतरी वेगळंच झोंबलं. अगरबत्तीचं टोक पांघरुणाच्या झालरीला टेकलं होतं. झालरीखाली माझ्या जाळीतून रुईची शेपटी लोंबत होती. ती धुमसायला लागली. अगरबत्तीच्या वासात जळका वास कोणालाच वेगळा कळेना.

मित्रांनो, मी हादरलो. माझ्या पोटात रुई, टेबलाखाली रुई, खिडकीला रुई, खालच्या गाळ्यात तर सुताचे ढीग! एक ठिणगी आत गेली तर ठमाबाई, हेमाली, भूपेश यांचं काय होईल? ओरडायला मला तोंड नाही. मला फक्त अडकता येतं. आणि अडकलो की भंगारवाला ठरलेला.

खूप भीती वाटली. तरी मी अडकलो. एरवी अडकणं माझ्या हातात नसायचं, पण त्या वेळी मी मनापासून अडकलो, असंच मला वाटतं.

टर्रर्र!

"गेला! आजच्या दिवशी पण!" भूपेश ओरडला. थाप मारायलाही तो थांबला नाही. रागाने वायर उपटायला माझ्या पाठीमागे वाकला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई! आग! आग लागली इथे!"

ठमाबाई हंडा घेऊनच धावत आली. "पाणी नको आई, करंट आहे! हेमा, मेन स्विच पाड!" गोदामात दर महिन्याला आगीची तालीम घेतात. त्या तालमीला तो नेहमी शिव्या घालायचा. हेमालीने स्विच पाडला. भूपेशने पांघरूण ओढून फरशीवर टाकलं आणि पायाने तुडवलं, जाळीतली धुमसती रुई चिमट्याने ओढून हंड्यात बुडवली.

भूपेशने तो स्टिकर टराटरा फाडला, झाकण उघडलं. आत पंखा दिसतच नव्हता. गोधडीएवढा जाड रुईचा थर होता.

"हा गुदमरत होता, दादा," हेमाली म्हणाली.

ठमाबाई खाली बसली. अर्धं करपलेलं पांघरूण तिने हातात घेतलं आणि रडायला लागली. "मीच ग त्याचं नाक दाबून धरलेलं. आणि आपण त्यालाच मारत होतो."

भंगारवाल्याचं नाव त्यानंतर घरात निघालं नाही. ठमाबाईने त्या पांघरुणाचा धड उरलेला भाग फाडून फडकी केली. दर अमावास्येला खालचे माग झटकतात, तेव्हा मला बंद करून त्याच फडक्यांनी ती माझी पाठ पुसते.

भीती माझी अजून गेलेली नाही. परवाच घाटात मी क्षणभर अडखळलो. भूपेशचा हात वर गेला, आणि मी सवयीने टाळकं आखडलं. पण थाप बसली नाही. त्याने हात माझ्या पाठीमागे नेला आणि हवा येते का ते बघितलं.

म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरात कोणी असं अचानक गप्प झालं, अडखळलं, तर आधी थाप मारू नका. जरा पाठीमागे वाकून बघा.