मनीचं पथ्य

मनीच्या आईनं पातेल्याचं झाकण उचललं, वाफ ओसरू दिली आणि वाकून वास घेतला. पातेलं आणणारे रंगारीकाका टेबलाच्या पलीकडे तोंडी परीक्षेला आल्यासारखे उभे होते. भिंत रंगवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण स्वयंपाकाच्या बाबतीत त्यांचा स्वतःवर फारसा विश्वास नसे.

"भोपळा, आलं आणि थोडं दूध," ते म्हणाले. "शेंगदाणे नाहीत."

तिनं मान हलवली. काकांनी सुटकेचा श्वास टाकून खुर्ची गाठली.

सहभोजनाच्या दिवशी हे असंच चालायचं. नैसर्गिक धान्याचं ते सहकारी भांडार सभासदांनीच चालवलेलं होतं. आपापल्या बरण्या घेऊन यायचं, डाळ, तांदूळ, मध, तेल आपल्या हातानं भरून न्यायचं आणि पाळी आली की पोती उचलायलाही यायचं. मागच्या मोठ्या खोलीत काही ना काही चालू असे. कधी पाव भाजायला शिकवण्याचा वर्ग, कधी बियाण्यांची देवघेव, कधी एखाद्या नव्या धान्याची चव बघणं. महिन्यातून एकदा सहभोजन. प्रत्येकानं एक पदार्थ करून आणायचा आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. गर्दी यालाच जास्त, कारण बाकीच्या ठिकाणी काहीतरी शिकावं लागे आणि इथं नुसतं खायचं असे.

नियम एकच. शेंगदाणे येता कामा नयेत. दाणे नाहीत, तेल नाही, हाताला लागलेलंसुद्धा नाही.

तो नियम मनीसाठी झाला होता. दबक्या पावलांनी येऊन कशातही तोंड घालायची, म्हणून ती मनी. तीन वर्षांची असताना शेंगदाण्याचं लोणी काढायच्या यंत्राखाली सांडलेलं तिनं बोटानं चाटलं आणि थेट दवाखान्यात पोचली. ती वाचली, पण पुढच्या सभेत दाण्यांवर बंदी आली. दुकानाचं दार सकाळी किती वाजता उघडायचं यावर ज्यांचं कधी एकमत झालं नव्हतं, त्या सगळ्यांनी या एका गोष्टीवर एका दमात हात वर केले. यंत्र बंद झालं. मनीच्या आईनं जुन्या पडद्याचं कापड बेतून त्याला अभ्रा शिवला. शिवणकाम हाच तिचा व्यवसाय होता, त्यामुळे अभ्रा यंत्रापेक्षा देखणा झाला, असं लोक तिला चिडवायचे.

त्यानंतर मनी याच खोलीत वाढली. या टेबलाखाली लपली, याच खुर्च्यांवर उड्या मारून ओरडा खाल्ला. पुढे कॉलेजसाठी दुसऱ्या गावी गेली, वसतिगृहात राहिली. मनीची आई रोज फोन करायची आणि बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेच विचारायची, शेंगदाणे नव्हते ना? मनी रोज सांगायची, नव्हते गं आई. आणि ते खरंच होतं. तिला झाली कावीळ. परीक्षा जवळ आली म्हणून तिनं ती अंगावर काढली. आई-बाबा पोचले तेव्हा डॉक्टर खाली मान घालून बोलत होते.

थकवा येतो का, डोळे पिवळे दिसतात का, हे फोनवर एकदाही विचारलं नव्हतं. आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून एकाच दाराशी पहारा केला आणि पोर दुसऱ्याच दारानं निघून गेली. हे मनीच्या आईनं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, नवऱ्याजवळही नाही.

मनीला जाऊन आता दुसरं वर्ष चालू होतं. भांडारातले लोक चांगले होते. तिच्यासमोर मनीचा विषय काढायचा नाही, हे त्यांनी आपापसात कधी ठरवलं कोण जाणे, पण ते सगळे पाळत होते. पूर्वी सगळे तिला 'मनीची आई' अशीच हाक मारत. आता कुणी वहिनी म्हणे, कुणी ताई, नव्या मुली काकू म्हणत. ती कुठल्याही हाकेला ओ द्यायची. पण महिन्यातून एक दिवस लोक पातेली घेऊन तिच्यासमोर उभे राहत आणि सांगत, शेंगदाणे नाहीत. तेवढ्यापुरतं तिला वाटे, मनी टेबलाखाली आहे. आता कुठूनतरी हात बाहेर येईल आणि काहीतरी उचलून नेईल.

गेल्या आठवड्यात व्यवस्थापक तिच्या शिवणयंत्रापाशी येऊन बसले होते. काडीसारखी अंगलट, म्हणून त्यांचं नाव छटाकदादा पडलं होतं. आधी ते हवेबद्दल बोलले, मग बटणांबद्दल. मग म्हणाले की पुढच्या महिन्यात भांडारात सगळ्यांना खुलं निमंत्रण आहे, नवे सभासद बरेच आले आहेत, ते लोण्याचं यंत्र पुन्हा चालू होईल का, असं विचारतात. काही घाई नाही. वहिनी नको म्हणाल्या तर विषय बंद.

"तुम्ही सांगाल तसं," असं म्हणून ते चहा न घेताच उठले.

रात्री तिनं नवऱ्याला सांगितलं तर त्याला ते आधीच ठाऊक होतं. छटाकदादांना विचारायला त्यानंच सांगितलं होतं. ती ताटं घासत होती. घासून झालेलं ताट तिनं पुन्हा घासायला घेतलं.

"तू दर महिन्याला तिला शोधायला जातेस तिथं," तो म्हणाला. "आणि रिकाम्या हातानं परत येतेस. मला बघवत नाही."

दाणे हा त्याचा जीव की प्राण होता. मनीचं पथ्य सुरू झालं त्या दिवसापासून त्यानं दाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. हा माणूस दाण्यासाठी बोलत नाही, हे तिला कळत होतं. तरी ती त्याच्याशी चार दिवस कामापुरतंच बोलली.

आज सकाळी मात्र ती ठरवून निघाली होती. वेणी घालताना आरशात स्वतःलाच म्हणून पाहिलं होतं, काढा दादा, तो नियम काढून टाका. दोनदा म्हटल्यावर ते जमण्यासारखं वाटलं. रंगारीकाकांच्या चेहऱ्यावरची धास्ती पाहून तर तिला स्वतःचीच लाज वाटली. भल्या माणसांना आपण उगीच टांगून ठेवलंय, असं वाटलं. जेवणं आटोपली की छटाकदादांना बाजूला घ्यायचं आणि सांगून मोकळं व्हायचं.

लोक ताटं घेऊन रांगेत उभे राहिले. मनीचे बाबा वाढून घेऊन खिडकीजवळ बसले होते. छटाकदादा मुद्दाम काही विचारत नव्हते, पण पाण्याचा जग हातात धरून तिच्या आसपासच घोटाळत होते. ती ताट घेऊन नवऱ्याशेजारी बसली. तो जरा सरकला. तेवढ्यात पाव शिकवणारी मुलगी तिच्यापुढे येऊन उभी राहिली.

पलीकडच्या रस्त्यावरच्या बेकरीत काम करणारी ही मुलगी, सभासद होऊन तिला फार दिवस झाले नव्हते. मनीच्याच वयाची. मनीची आई तिच्याकडे एरवी फारसं पाहायची नाही. मुलीच्या हातात स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला छोटा पाव होता.

"काकू, हा तुमच्यासाठी वेगळा आणलाय," ती म्हणाली. "टेबलावरच्या पावातही शेंगदाणे नाहीत, पण तो बेकरीत भाजलाय आणि तिथं दाण्यांची बिस्किटं होतात. म्हटलं, विषाची परीक्षा कशाला. हा घरी भाजला. पीठसुद्धा नवीन पिशवी फोडून घेतलं."

मनीच्या आईला क्षणभर काही उमगलं नाही.

"माझ्यासाठी?"

"तुम्हालाच ॲलर्जी आहे ना शेंगदाण्याची? आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे नाव नाही सांगितलं. एक जण आहेत, त्यांना त्रास होतो, एवढंच. पण तुम्ही सगळी झाकणं उघडून बघता, तेव्हा आमच्या लक्षात आलं."

मनीच्या आईनं खोलीभर नजर फिरवली. दाराशी बसलेलं ते नवं जोडपं, धान्य मोजायला येणारे दोघे भाऊ, बियाण्यांची पाकिटं करणारी ती चष्मेवाली. म्हणजे या सगळ्यांना असंच वाटत होतं. तिला आधी राग आला, कुणाचा ते कळेना. जुन्यांनी तिच्यासमोर मनीचं नाव घ्यायचं नाही म्हणून पथ्य पाळलं आणि नवे आले तेव्हा त्यांनाही ते नाव सांगितलं नाही. कुणी वाईट वागलं नव्हतं. सगळ्यांनी मायेनंच केलं होतं, आणि करता करता मनी या खोलीतून पुसली गेली होती. नियम तेवढा उरला होता आणि तो एका वासबीस घेत फिरणाऱ्या काकूंचा झाला होता.

खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मला नाही गं, माझ्या मुलीला होती. मग ही मुलगी पाव हातात धरून ओशाळली असती, सॉरी म्हणाली असती, आसपासचे लोक गप्प झाले असते. मग छटाकदादांना सांगायचं, आणि पुढच्या महिन्यात या खोलीत दाणे भाजल्याचा वास आला असता. त्याबरोबर मनीचं असं या जगात काहीच चालू राहिलं नसतं. सकाळी आरशात म्हटलेले शब्द तिनं आठवून पाहिले. आता ते जमण्यासारखे वाटेनात.

"कधीपासून आहे तुम्हाला?" मुलीनं विचारलं. तिच्या विचारण्यात नुसतं कुतूहल होतं.

"लहानपणापासून," मनीची आई म्हणाली.

शेजारी मनीच्या बाबांचा घास हातातच राहिला.

"तीन वर्षांची होते," ती ताटाकडे पाहत सांगू लागली. "बोटावर घेऊन नुसतं चाटलं होतं. आधी ओठ सुजले, मग आवाजच फुटेना. आईनं मला उचललं आणि पळत सुटली. एक चप्पल दुकानातच राहिली तिची. सगळा रस्ता माझ्या तोंडाला कान लावून पळत होती म्हणे, श्वास चालू आहे का ते ऐकत."

"बापरे."

"त्यानंतर फार जपायची मला. मी मोठी झाले तरी. कधीकधी मला कंटाळा यायचा तिचा."

छटाकदादा हातभर अंतरावर उभे होते. जग तिरका झाला होता आणि पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. मग त्यांनी जग सरळ केला आणि काही न विचारता ते पुढच्या टेबलाकडे गेले.

मनीच्या बाबांनी घास परत ताटात ठेवला. बायकोकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग ते मुलीकडे वळले.

"हिला सांभाळावं लागतं," ते म्हणाले. आवाज नीट लागला नाही म्हणून खाकरले. "घरातसुद्धा आम्ही दाणा आणत नाही. तो पाव कापून देतेस का हिला?"

मुलगी बाजूची खुर्ची ओढून बसली, फडकं सोडलं, पावाचे जाडसर काप केले. पाव अजून कोमट होता. कापता कापता तिला काय वाटलं कोण जाणे, सुरी थांबवून तिनं विचारलं,

"तुमच्या आई आहेत अजून?"

"आहे," मनीची आई म्हणाली आणि तिनं ताट पुढं केलं.