शेवटचं काय बदललंत?

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. लपवण्यात अर्थ नाही. माझा तापटपणा लेखी आहे आणि आजही कुणालाही शोधून वाचता येतो.

वीसेक वर्षांपूर्वी आमची एक मेलिंग लिस्ट होती. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून चालवायची ती फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम वापरणारे हजारभर लोक तिच्यावर होते. कुणाचं नेट चालेना, कुणाचा प्रिंटर दुसऱ्या मशीनला दिसेना, की त्याने लिस्टवर मेल टाकायचा. तो सगळ्यांना जायचा आणि ज्याला येईल त्याने उत्तर द्यायचं. मला तिथे सगळे मास्तर म्हणायचे. शाळेत मी एक दिवसही शिकवलेलं नाही, पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात सर्व्हर सांभाळायचो. पण अर्धवट प्रश्न विचारणाऱ्याला मी असा फैलावर घ्यायचो की ते नाव चिकटलंच. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. कार्यालयात मला शिपायाच्या वर आणि कारकुनाच्या खाली कुठेतरी धरायचे. लिस्टवर मात्र माझा शब्द शेवटचा होता.

तिथे एक रीत होती. कुणी रडत आलं की पहिला प्रश्न ठरलेला: शेवटचं काय बदललंत? दहातले नऊ म्हणणार, काहीच नाही. आणि त्या नवांनी काहीतरी नक्की बदललेलं असणार. मशीन आपोआप बिघडत नाही, माणूस बिघडवतो आणि वर हात झटकतो, असं माझं ठाम मत होतं.

दुसरी रीत मीच घालून दिलेली. दूर कुठेतरी असलेल्या मशीनची फायरवॉल, म्हणजे आत कोण येऊ शकतं आणि बाहेर काय जाऊ शकतं ते ठरवणारे नियम, बसल्या जागेवरून बदलायचे असतील तर आधी परतीचा दोर बांधायचा. पाच मिनिटांनी जुने नियम आपोआप परत लागतील अशी एक कमांड आधी देऊन ठेवायची. चुकून स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलंत तर पाच मिनिटं गप्प बसा, दार आपोआप उघडेल. हे मी लिस्टवर किमान शंभर वेळा लिहिलं असेल. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

माझी आई आणि ताई दोन दिवसांच्या प्रवासाइतक्या लांब राहायच्या. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. घरीच शिवणकाम करायची आणि आईला सांभाळायची. आईने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडून दिल्या होत्या. निवृत्तीनंतर तिचे कान गेले, आणि त्यामागोमाग हळूहळू आठवणही जायला लागली. फोनवर तिला काही ऐकू यायचं नाही. हातातल्या फोनवर तोंड दिसायची सोय तेव्हा आमच्यासारख्यांकडे नव्हती. म्हणून मी ताईच्या शिवणयंत्राशेजारी एक मशीन बसवून दिलं, वर कॅमेरा लावला. रोज संध्याकाळी सहाला आई स्क्रीनवर माझं तोंड बघायची आणि मी मोठ्या अक्षरांत टाइप करून तिच्याशी बोलायचो. बहुतेक दिवस ती मला कुणीतरी ओळखीचा माणूस समजायची. हसायची, मान डोलवायची.

एका रविवारी दुपारी कुणाच्या तरी मशीनमध्ये चोर शिरल्याची चर्चा लिस्टवर चालली होती. मला वाटलं, आपल्या घरच्या मशीनचे नियम जरा ढिलेच आहेत. इथून ताईच्या मशीनवर शिरलो, सगळं बंद केलं आणि मेल, वेबसाइट एवढंच उघडं ठेवलं. व्हिडिओ कॉलचं पोर्ट, म्हणजे त्याची ये-जा करायची वाट, उघडायचं राहिलं. आणि मी ज्या वाटेने आत शिरलो होतो तीही बंद झाली. पण आधीपासून चालू असलेलं कनेक्शन तुटत नाही, त्यामुळे मला काही जाणवलं नाही. नियम कायमचे सेव्ह केले आणि ऐटीत बाहेर पडलो. परतीचा दोर बांधला नाही. घरचंच तर मशीन, म्हटलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

रविवारी आई लवकर झोपली होती, म्हणून कॉल नव्हता. सोमवारी सहाला लागेना. सव्वासहाला ताईचा फोन आला.

"अरे, तुझं तोंड दिसत नाहीये. नुसतं गोल गोल फिरतंय."

"काय दाबलंस?"

"काही नाही दाबलं."

"मग काय आपोआप बंद पडलं? बंद करून चालू कर."

"दोनदा केलं. ऐक ना, आज आईला सगळं आठवतंय. सकाळपासून. मला नावाने हाक मारली, बाबांची आठवण काढली, ते गेले हेही तिला माहीत आहे. तुझं विचारतेय. म्हणते, त्याला बघायचंय."

आता कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. मी दिवसभर कार्यालयात शिव्या खाऊन आलो होतो आणि वर हिने काही दाबलं नाही म्हणे. मी म्हणालो, "मग मी काय उडत येऊ? तुम्ही लोक काहीतरी उचापती करता आणि मग माझ्या डोक्यावर बसता. लिस्टवर विचार. नीट, मुद्देसूद लिहून. जग विचारतं तसं."

ताई "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी कार्यालयात मेल उघडला तर लिस्टवर तिचा प्रश्न. टोपणनाव घेतलं होतं, 'शिंपीण'. आमचं नातं तिथे कुणाला माहीत नव्हतं. मापं लिहून घ्यावीत तसं तिने एकेक नीट लिहिलं होतं: मेल चालतो, वेबसाइट दिसतात, व्हिडिओ कॉल मात्र लागत नाही, दोनदा बंद-चालू केलं. आणि रीत पाळून शेवटी: 'शेवटचं काय बदललं: नक्की सांगता येत नाही, पण माझ्याकडूनच चुकून काहीतरी दाबलं गेलं असावं. घरात आजारी माणूस आहे, लवकर कळलं तर उपकार होतील.'

मी तिच्या मशीनवर शिरायला गेलो. आत जाता येईना. रविवारी काय काय टाइप केलं होतं ते काढून बघितलं आणि दोन मिनिटांत कळलं. चूक माझी होती. ताईने काही म्हणजे काहीच दाबलं नव्हतं. एका ओळीची कमांड, ती तिने तिकडे टाइप केली की काम झालं.

फोन माझ्या टेबलावर होता. मी उचलला नाही.

का, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की आता उत्तर पाठ झालंय. फोन केला तर 'माझं चुकलं' म्हणावं लागलं असतं. आदल्या दिवशी एवढं तोंड सोडल्यावर. मी म्हटलं, ती करेलच फोन. केला की सहज म्हणू, बघतो गं, आणि उपकार केल्यासारखं दुरुस्त करून देऊ. झाकली मूठ तशीच राहील. म्हणून मी तिच्या फोनची वाट बघत बसलो. आणि तिने फोन केला नाही, कारण मीच तिला सांगितलं होतं की लिस्टवर विचार.

तिला उत्तर द्यायला लिस्टवरचे एक आजोबा पुढे झाले. निवृत्त भूमापक, गोड स्वभावाचे, पण जमीन मोजावी तसं एका टोकापासून सुरू करणारे. आधी वायरी तपासा म्हणाले. ताईने टेबलाखाली शिरून सगळ्या वायरी काढून परत लावल्या आणि तसं कळवलं. मग कॅमेऱ्याचं ड्रायव्हर, मग आवाजाचं कार्ड. सांगितलेलं सगळं करून ती दर वेळी लिहायची, 'केलं. फरक नाही. आपल्या वेळेबद्दल आभारी आहे.' तिने स्वतःवर दोष घेतल्यामुळे आजोबा तिने काय दाबलं असेल तेच शोधत होते. चुकीच्या शेतात विहीर खणत होते बिचारे. मी प्रत्येक मेल वाचत होतो.

बुधवारी दुपारी आजोबांना एकदाचं सुचलं. 'मशीनवर फायरवॉल आहे का? तिचे नियम कुणी बदललेत का?'

सुटलो, असं वाटलं.

ताईचं उत्तर वीस मिनिटांत आलं. 'फायरवॉल माझ्या भावाने लावली आहे. त्याचं ते कामच आहे, तिथे चूक नसणार. दुसरीकडे कुठे बघू?'

आजोबांनी तिच्यावर विश्वास ठेवला आणि तिला मॉडेमकडे पाठवलं.

त्या उत्तरानंतरही मी सतरा तास गप्प बसलो. लिस्टवर दुसऱ्या कुणाला तरी मात्र झोडपलं, प्रश्न नीट लिहिला नाही म्हणून. तो मेलही अजून आहे.

गुरुवारी सकाळी राहवेना, तेव्हा फोन केला. हसत बोलायचा प्रयत्न केला. "अगं, कुठल्या तरी अपडेटमुळे झालेलं दिसतंय. सांगतो तसं टाइप कर." ताईने एकेक अक्षर परत म्हणून दाखवत टाइप केलं. दोन मिनिटं लागली. "लागलं," ती म्हणाली. तेवढंच.

स्क्रीनवर आई आली. केस विंचरलेले, अंगावर धुतलेली साडी. मी टाइप केलं: आई, मी आलो. तिने अक्षरं मोठ्याने वाचली, रस्त्याने जाताना दुकानाची पाटी वाचावी तशी. मग माझ्याकडे बघून ओळखीच्या माणसासारखं हसली आणि ताईला म्हणाली, "यांना बसायला सांग."

आई त्यानंतर दीड वर्ष होती. पण त्या तीन दिवसांसारखी पुन्हा एकदाही झाली नाही.

लिस्टवर ताईने रीतीप्रमाणे शेवटचा मेल टाकला: 'सुटलं. चूक माझीच होती. सर्वांचे, विशेषतः आजोबांचे आभार.' आजोबांनी लिहिलं, 'होतं असं, ताई. चुकांतूनच माणूस शिकतो.' त्याखाली माझं नाव कुठेही नाही.

चार महिन्यांनी सुट्टी काढून गेलो. आई खिडकीशी बसली होती. ताई शिवणयंत्रावर कुणाच्या तरी गणवेशाला टीप घालत होती. मी त्या तीन दिवसांबद्दल विचारलं, तसं तिने मान वर न करता सांगायला सुरुवात केली. सोमवारी आई साडेपाचपासूनच तयार होऊन स्क्रीनसमोर बसली होती. मंगळवारीही बसली. म्हणाली, लाइन नसली की आम्ही माणसाला धरून ठेवायचो, थांबा, लावून देते म्हणायचो, माझ्या मुलाला कुणी थांबायला सांगितलंय का? आपण लहान असताना ती रात्रपाळीला निघाली की तू दारात आडवा पडायचास, ते तिला आठवलं. एकदा तुला फटका मारून ती कामावर गेली होती, त्याची माफी मागायची होती तिला. इतकी वर्षं ते मनात ठेवलं होतं म्हणे. बुधवारी संध्याकाळपर्यंत विचारत होती.

"मग तू काय सांगितलंस?"

"तो कामात आहे म्हटलं. दुसरं काय सांगणार?"

मला तो फटका आठवतही नव्हता. मी म्हणालो, "ताई, तू काही दाबलं नव्हतंस. लिस्टवर तसं का लिहिलंस?"

तिने पाय थांबवला. "तिथे तुला सगळे मास्तर म्हणतात, हे तूच कौतुकाने सांगायचास. मी काही दाबलं नव्हतं, म्हणजे बदलणारा दुसरा तूच. तुझ्या घरचं मशीन तुझ्याच हातून बंद पडलं हे तिथे चारचौघांत कशाला, म्हटलं. तू वाचलंस की तुला कळेलच, आणि फोन करशील."

मी आईकडे बघत होतो. ती रस्त्याकडे बघत होती.

"वाचलं नसशील तू," ताई म्हणाली. "कामाच्या गडबडीत."

"नाही," मी म्हणालो. "नाही वाचलं."

"तरीच," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम निवळला. "मी आईला तेच सांगत होते. त्याला कळलं असतं तर तो थांबलाच नसता."