गळ्याची शप्पत

गुंडा माझा एकुलता एक. अंगानं बापागत दांडगा, पण डोस्कं जरा मागं राहिलंय. इसावं वरीस लागलं तरी कुणी सांगंल ते खरं धरतो. बाप मिलट्रीत, वरसातनं एकदा येणार. समदं माझ्याच बोडक्यावर!

आष्ट्याच्या वाटंला गुऱ्हाळ हाय. तिथं नाथाजी आन त्याचं टोळकं हातभट्टीची घेऊन बसायचं. गुंडाला पाजायची, नाचवायची आन फिदीफिदी हसायची. मेल्यांनू, तुमच्या तोंडात किडं पडूत!

मी मारून बघितलं, कोंडून बघितलं. शेवटी त्याचा हात माझ्या गळ्यावर ठेवला. "माझी शप्पत हाय. प्यालास तर तुझी आई मरंल." पोरगं लय भ्यालं. गुऱ्हाळाकडं फिरकंना झालं.

मग एका दुपारी रडत पळत आलं. मी हिवतापानं पडले हुते. माझ्या उरावर डोस्कं टेकून बोंबलाय लागलं, "आई मेली, आई मेली!" मी दचकून उठले. त्याच्या तोंडाला दारूचा भपकारा येत हुता. नाथाजी म्हणं बोलला, "शप्पत? मी सुटली म्हणतो की! आता पी." आन हा प्याला.

"जित्ती हाय रं मी, मुडद्या!"

त्यानं माझं तोंड चाचपलं, सोताचं डोळं पुसलं आन हसला. "तू मेली न्हाईस. म्हंजी प्यालं तरी चालतंय."

आता ह्याला कशाचं भ्या घालू?

"कशाला जातूस रं तिकडं?" मी पहिल्यांदाच इचारलं.

"ती बस म्हणत्यात. लय कडू असती गं. पण प्यालं न्हाई तर उठवत्यात."

"मग माझ्यापाशी बस की."

"तू कुठं बोलतीस? निस्ती वरडतीस."

खरंच की. पण ह्या घरात धड बोलायला मला तरी कोण हुतं? भिताडं? लय एकटं वाटलं बघा. त्याच्यासमोरच रडले.

दुसऱ्या दिशी सांजचं सोप्यात शेंगा फोडत बसले. त्योबी बसला. बैल, गुऱ्हाळाचं चुलवाण, बापाचं बूट, काय वाट्टंल ते बोलत हुता. मी व्हय व्हय करत हुते. तवर वाटंवरनं नाथाजीची हाळी आली, "गुंडा, येतूस का रं?"

गुंडा उठला. तोंडावर आलेली शिवी मी गिळली.

दारात जाऊन त्यो वरडला, "आज न्हाई! माझी आई एकटीच हाय."