दोन आठवड्यांच्या गोळ्या

धाकट्या सुनेच्या, आम्रपालीच्या अंगावरून पांढरं जायला लागलं, ओटीपोटात कळा यायला लागल्या, तशी सासू सिंधुबाई म्हणाली, "पिशवी खराब झाली आसंल. थोरलीची काढली त्याच डाक्टरकडं न्या."

थोरली म्हणजे पंचशीला. तिची पिशवी काढली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. "ठेवली तर कॅन्सर होईल," असं खासगी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला आणि घाबरून तिनं सही केली. त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून अंगाची आग, घामाच्या धारा, धरलेले गुडघे. गेल्या साली अंगणात नुसती घसरली तर मनगट मोडलं. म्हणून या खेपेला सासूचं न ऐकता ती जावेला बीडच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी पाहिली. "इन्फेक्शन आहे. चौदा दिवस गोळ्या घे. नवऱ्यालाही दे."

"आन् पिशवी?" आम्रपालीनं भीत भीत विचारलं.

"चांगली आहे की!"

पंचशीलानं आपली जुनी फाईल पुढं सरकवली. "म्याडम, मलाबी ह्येच व्हत होतं."

बाईंनी फाईल दोनदा वाचली. "दोन्ही अंडाशयंही काढलीत. सांगितलं होतं तुम्हाला?"

"न्हाई. ते काय आसतं?"

"बाईची हाडं त्यांच्या जिवावर टिकतात. रिपोर्टात तर ती निरोगी दिसतायत."

"मंग कावून काढली?"

बाईंनी फाईल मिटली आणि चिठ्ठी लिहायला घेतली. म्हणाल्या, "हाडांची तपासणी करू. हार्मोनच्या गोळ्या आता सुरू करायच्या का, ते मग ठरवू. तेव्हाच द्यायला हव्या होत्या."

पंधरवड्यात आम्रपाली खडखडीत बरी झाली. "आक्का, तुमी वाचवलं मला," म्हणत गळ्यात पडली. पंचशीलानं तिला थोपटलं, पण तिच्या तोंडाकडं बघवेना.

गल्लीतल्या छबुबाईला पिशवी काढायला त्या खासगी डॉक्टरकडं पंचशीलानंच हाताला धरून नेलं होतं. फाईल घेऊन ती तिच्या दारात गेली आणि सगळं सांगितलं.

छबुबाई ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कावून सांगायलीस आता?"

पंचशीला उंबऱ्याबाहेर बराच वेळ उभी राहिली. छबुबाईनं तिला बस म्हटलं नाही.