दुधाच्या मापातला गाळ

पारूबाईंनी मला पालथे केले, त्या दिवशी मला कळले की केसर गेली.

त्याच्या चार दिवस आधी घरातून रडण्याचा आवाज आला होता. मी मागे गोठ्यात, गव्हाणीच्या काठावर होते. घरात म्हाताऱ्या चतुराबाई आहेत. त्यांचेच काही झाले असेल असे मी धरून चालले. केसर त्यांची सून. ती सव्वीस वर्षांची होती. तिचे नाव माझ्या मनात आले नाही.

पाचव्या दिवशी पारूबाई गोठ्यात आल्या. त्या गावातल्या आशाताई आहेत, आरोग्याचे काम करतात. त्यांच्या मागे केसरचा नवरा उत्तरेश्वर अनवाणी उभा होता. पारूबाई त्याला म्हणाल्या की डेंग्यूने माणूस गेले की घरातले सगळे पाणी तपासावे लागते. अंगणातल्या टाकीत अळ्या सापडल्या होत्या. रांजणातही सापडल्या होत्या. मग त्यांनी मोबाइलची बॅटरी माझ्यात धरली. माझे पाणी मातकट होते, त्यात काही दिसेना.

"तेवढं राहू द्या, ताई," उत्तरेश्वर म्हणाला. "त्यात तिचं काम हाय."

"पानी हाय दादा ते. साचलेलं पानी."

त्यांनी मला दांडीला धरून उपडे केले. पाणी गोठ्याच्या मातीत गेले. तळाचा गाळ बसून राहिला होता, तो त्यांनी दोनदा आपटून काढला. पारूबाईंचा काही दोष नव्हता. आपटताना त्या रडत होत्या.

मित्रांनो, मी एक जुने दुधाचे माप आहे. एक लिटरचे, अॅल्युमिनियमचे, लांब दांडीचे. दांडीचे टोक वाकडे आहे, म्हणजे मला कॅनच्या काठाला अडकवता येते. तेलगावपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात वीस सभासदांची दूध संस्था होती. मी त्या संस्थेचे. दरवर्षी वजनमाप खात्याचा माणूस येऊन माझ्यावर शिक्का मारून जायचा.

उत्तरेश्वर त्या वीस जणांतलाच एक आणि संस्थेचा सचिव होता. सकाळी सहाला तो दार उघडायचा तेव्हा बाहेर रांग लागलेली असायची. कोणी किटली घेऊन, कोणी कॅन घेऊन. तो मला काठोकाठ भरायचा आणि फेस खाली बसेपर्यंत थांबायचा. फेसाचे दूध मोजायचे नाही, हा त्याचा नियम होता. लोक त्यासाठी त्याची चेष्टा करायचे. चेअरमन बंकटराव म्हणायचे, "सचिव, तुमचा फेस बसस्तोवर आमची म्हैस आटती." पण संस्थेच्या मापात खोट नाही असे सगळे मानत. मला त्याचा अभिमान होता.

मग २०१५ सालचा पाऊस आला नाही. त्याच्या आदल्या वर्षीही तो धड आला नव्हता. विहिरी तळाला गेल्या. जनावरे छावणीला गेली, काही बाजारात गेली. रांग आखूड होत गेली. शेवटी एका सकाळी तिघेच आले आणि तिघांचे मिळून मी दोनदाच भरले. त्या आठवड्यात संस्थेला कुलूप लागले. बंकटरावांनी सामान जपून ठेवायला उत्तरेश्वरच्या घरी पाठवले. तसे मी इथे आले.

गोठा तेव्हा रिकामाच होता. केसरने तो झाडून घेतला, गव्हाणीवर फळी टाकली आणि तिथे चित्रे काढायला बसली. ती बीडला एका चित्रकला विद्यालयात पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होती. लग्नाआधी तिने शाळेतून चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या. लग्नानंतर संस्थेची पाटी तिनेच रंगवली होती. ती पाटी पाहून उत्तरेश्वरनेच तिला पुढे शिक म्हटले. रोज सकाळच्या एस.टी.ने ती जायची आणि दुपारी परत यायची. ब्रश धुवायचा तिचा डबा गळायला लागला तेव्हा तिने मला उचलले.

मला ते आवडले नाही. माझ्यावर शिक्का होता. बंकटराव एकदा कॅन मोजायला आले आणि माझ्यात निळे पाणी बघून म्हणाले, "सूनबाई, हे दूध कंच्या म्हशीचं?" केसर खाली मान घालून हसली. मला परत न्यायचे ते विसरून गेले.

केसरच्या सरांचे नाव दिलावर होते. ते कमी बोलायचे. पहिल्या सत्रात तिने कपिलधारचा धबधबा काढला होता. तो तिने एका छापील चित्रावरून उतरवला होता आणि हुबेहूब उतरवला होता. घरी येऊन तिने उत्तरेश्वरला वर्गात काय झाले ते सांगितले. सरांनी विचारले होते, कपिलधारला तुम्ही कधी गेला होता. ती म्हणाली, उन्हाळ्यात. धार पडत होती का. नव्हती. मग हे पाणी कुठून आणले. सगळा वर्ग हसला म्हणे.

"लई राग आला मला," केसर म्हणाली. "पर खरं बोलले ते. मी कवाच न बघितलेलं पानी काढत बसले व्हते."

त्यानंतर तिने चित्रात पाणी काढले नाही. तिने संस्थेची दुधाची रांग काढायला घेतली. वीस सभासद, एकेका कागदावर एकेक. ते जसे सकाळी उभे राहायचे तसे, हातात रिकामी किटली घेऊन. सरांनी हीच मालिका परीक्षेला ठेवू असे ठरवले. वीस चित्रे आणि एक पान लिहून द्यायचे: मी माझे काम कसे करते.

काम कसे करते, ते मी रोज बघत होते.

टँकर आठ दिवसांनी यायचा. बाकीच्या विद्यार्थ्यांजवळ दोन भांडी असत, एक ब्रश धुवायला आणि एक चांगल्या पाण्याचे. पाणी घाण झाले की ते ओतून देत. केसरजवळ मीच होते. आणि टँकरचे पाणी ओतून देणे त्या घरात कुणाला जमलेच नसते. चतुराबाई तेवढ्या पाण्यावरूनही बोलायच्या. "प्यायाला घोट न्हाई अन् हिला कुंचले न्हाऊ घालाया पायजेत," असे म्हणायच्या आणि डाळ धुतलेले पाणी फेकायच्या ऐवजी गोठ्यात आणून माझ्यात ओतायच्या.

म्हणून एकच पाणी आठ आठ दिवस माझ्यात राहायचे. सगळे रंग त्यात मिसळायचे. तिचा पिवळा मळका यायचा, लाल मळका यायचा. सरांनी शेरा दिला, रंग स्वच्छ नाहीत. तिने वरून पांढरा देऊन झाकायला पाहिले. चेहरे पीठ लावल्यासारखे झाले. पहिली तीन चित्रे तिने अशीच फाडली.

मग कापूस वेचायच्या दिवसांत ती रोजाने गेली आणि पाच दिवस मला कुणी हात लावला नाही. सहाव्या दिवशी तिने पाहिले तर सगळा रंग माझ्या तळाशी बसला होता आणि वरचे पाणी जवळजवळ निवळ झाले होते. तिने ब्रशने वरचे पाणी हळूच घेतले आणि कागदावर आभाळ दिले. ते करडे, फिके आले. नंतर तळाचा गाळ घेतला आणि जमीन दिली. चेहरेही त्याच गाळाने केले. उत्तरेश्वर बघून म्हणाला, "ही तर सरूबाई. दूध घालून परत जाताना असंच तोंड असायचं तिचं."

तिथून तिची रीत ठरली. वरचे पाणी आभाळाला, खालचा गाळ माणसांना. फक्त मला हलवायचे नाही. तिने सासूलाही सांगून ठेवले होते की मापाला धक्का लावू नका. चतुराबाई पदर सावरून माझ्या बाजूने जायच्या आणि पुटपुटायच्या की देवालाही आम्ही एवढे जपत नाही.

तिला एकदा भीती वाटली की टँकर रोज आला असता तर आपल्याला चित्र आलेच नसते. तिने हे सरांना विचारले. सर म्हणाले, ते मलाही माहीत नाही, तुम्ही काढत राहा. ती काढत राहिली. जानेवारी संपता संपता चौदा चित्रे झाली. पंधराव्याच्या वेळी तिचे अंग दुखत होते.

मित्रांनो, आता जे सांगायचे ते मला नीट सांगता येत नाही. मापाला झाकण नसते. मी उघडे होते आणि मला कुणी हलवत नव्हते. त्या महिन्यात माझ्यात काहीतरी वळवळत होते. बारीक, सुतासारखे. ते वर यायचे आणि खाली जायचे. केसर गाळाकडे बघायची, तिला ते दिसले नाही. मला दिसत होते, पण मी काय करणार? मी माप आहे. मला पडताही येत नाही.

जो डास तिला चावला तो टाकीतला होता, रांजणातला होता की माझ्यातला, हे कुणालाच सांगता येणार नाही. कुणी विचारलेही नाही.

तीन दिवस तिने ताप अंगावर काढला. थकव्याने असेल असे म्हणाली. चौथ्या दिवशी ती गोठ्यात आली, फळीवर बसली, वहीत तीन ओळी लिहिल्या आणि उठून गेली. पुन्हा आली नाही. बीडला नेले तोवर रक्तातल्या पेशी फार कमी झाल्या होत्या, असे पुढे लोकांच्या बोलण्यात आले.

दहाव्यानंतर दिलावर सर आले. उत्तरेश्वरने चौदाही चित्रे गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली. सर प्रत्येक चित्रासमोर थांबले. मग त्यांनी वही मागितली. तिच्यात लिहिले होते: मी पाणी टाकून देत नाही. रंग खाली बसू देते. मग वरचे वेगळे घेते आणि खालचे वेगळे घेते.

"एवढंच लिहिलं का?"

"एवढंच."

सर म्हणाले की नियम वीस चित्रांचा आहे, तरी ते चौदा पुढे पाठवून पाहतील. होईलच असे सांगता येत नाही. जाताना त्यांनी विचारले की राहिलेले सहा जण कोण. उत्तरेश्वरने पाच नावे सांगितली. सहावा तो स्वतःच होता. त्याने एकदा केसरला विचारले होते की माझे कधी काढणार. ती म्हणाली होती, "घरचं मानूस हायस तू. कवाबी काढता यील."

 सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते एस.टी.ला गेले.

दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वरने मला टाकीच्या पाण्याने भरले. तिच्या रंगाच्या बाटल्यांतला थोडा थोडा रंग त्याने माझ्यात कालवला आणि तो फळीवर बसून राहिला. फेस बसायची वाट बघायचा तसा. संध्याकाळपर्यंत रंग खाली बसला नाही. मग त्याला पारूबाईंचे बोलणे आठवले असावे. त्याने उठून मला ओतले, फडक्याने आतून कोरडे केले आणि खुंटीला उलटे टांगले. तेव्हापासून मी इथेच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी टँकरचे पाणी येत असेल तर ते झाकून ठेवा. झाकण नसेल तर फडके बांधा. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करा. पाणी टाकून देताना जिवावर येते, हे मला माहीत आहे. तरी लहान भांडीसुद्धा बघा. ज्यात कुणाचे काम चालू आहे म्हणून आपण हात लावत नाही, ती आधी बघा. आणि त्या माणसाला विचारून, त्याचे काम दुसऱ्या कशात तरी काढून ठेवा. माझ्या वेळी हे कुणाला सुचले नाही.

संस्थेचे कुलूप अजून उघडलेले नाही. सर मागवतील तेव्हा द्यायची म्हणून चौदा चित्रे पिशवीत घालून घरात ठेवली आहेत. सहा काढायची राहिली आहेत आणि वहीतले पान तीन ओळींवर थांबले आहे.