अडकलेली पुंगळी

"बोल्ट उघडाच आहे, पण आत काहीतरी बसलंय," फौजदार रिस्सानेनने रायफल काउकोच्या टेबलावर ठेवली. "भरलेली आहे की रिकामी, तेवढं बघ. मग लेम्पीला परत देता येईल."

काउको गावातल्या बंदुका दुरुस्त करायचा, तशी शिवणयंत्रंही आणि दुधाची यंत्रंही. ही रायफल त्याच्या ओळखीची होती. लढाई संपल्यावर सैन्याने विकून टाकलेल्यांपैकी एक, लेम्पीच्या नवऱ्याची, एस्कोची.

तीन वर्षांपूर्वी शरदात एस्को एल्क हरणाच्या शिकारीला म्हणून दलदलीकडे गेला आणि परतला नाही. लोकांनी नदीच्या अलीकडचं सगळं रान पिंजून काढलं, कारण एस्को नेहमी अलीकडेच जायचा. नंतर गावाने ठरवून टाकलं, की तो स्वीडनला पळाला. त्या दिवसांत निम्मं गाव तिकडच्या कारखान्यांत चाललं होतं. हा बायकोला न सांगता गेला, इतकंच. लेम्पी दुकानात शिरली की आतल्या बायका एकाएकी हवेबद्दल बोलू लागत.

आणि गेल्या आठवड्यात नव्या रस्त्याची आखणी करणाऱ्यांना तो सापडला. नदीपलीकडच्या पडक्या गवताच्या कोठारात, छपराच्या कोसळलेल्या वाशाखाली. वासा मांडीवर होता. रायफल हाताशी होती.

फौजदार जायला निघाला आणि दाराशी घुटमळला.

"खिशात काडतुसं शिल्लक होती त्याच्या. मदत हवी असली की तीन बार काढायचे, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. रायफल मात्र एकदाच उडालीय असं दिसतंय. आता एकच बार माणूस कशाला काढतो, काउको? पाद्रीबाबाही तेच विचारतायत. जीव देणाऱ्याला देवळाच्या आवारात पुरत नाहीत ना."

तो गेल्यावर काउकोने रायफल शिकंज्यात धरली आणि दिवा जवळ ओढला. दुपारच होती, पण उत्तरेच्या त्या मुलखात नोव्हेंबरातली दुपार म्हणजे नावापुरती. शेगडीपाशी झोपलेला कुत्रा उठला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

नळीच्या मागच्या तोंडाशी, काडतूस बसतं त्या खोबणीत, पितळेचा गोल बुंधा दिसत होता. रिकामीच पुंगळी. बार झाला होता, पण ती बाहेर आली नव्हती. बोल्टच्या टोकाला एक आकडी असते. बोल्ट मागे ओढला की ती पुंगळीचा काठ पकडून तिला बाहेर खेचते. काउकोने भिंग लावलं. आकडीचं नाक झिजून गोल झालं होतं आणि तिच्या मागे जुनं तेल काजळीसकट दगडासारखं घट्ट झालं होतं. तिने काठ धरला होता, थोडा फाडला होता आणि सोडून दिला होता. पहिली पुंगळी आत असेपर्यंत दुसरं काडतूस जाणार नव्हतं.

मग त्याला ओरखडे दिसले.

पितळेवर चाकूच्या टोकाचे ओरखडे होते. पहिले खोल, सरळ, एकाच जागी, काम जाणणाऱ्या माणसाचे. त्यांच्यावरचे उथळ. मग वाकडे. शेवटचे तर कोंबडीने उकरावं तसे, आणि उलट्या बाजूने आलेले. काउकोने त्यांवरून बोट फिरवलं तेव्हा त्याला कळलं, की ते डाव्या हाताने केलेले आहेत. उजवा हात तोवर थंडीने निकामी झाला असणार.

त्याने नळीत दुसऱ्या बाजूने सळई घातली. अर्ध्यावर ती अडली. सळईच्या टोकाला फिरकीचा खिळा लावून त्याने हळूहळू बाहेर ओढलं, तर आली जुनिपरच्या झुडपाची काडी, साल काढून, तासून गुळगुळीत केलेली. तिच्यापुढे आणखी एक, आत मोडलेली. पुढून ठोकून पुंगळी मागे पाडायची, अगदी बरोबर विचार होता. लोखंडी गज हवा होता फक्त.

काउकोला वाटलं, टेबलाच्या पलीकडून कुणीतरी त्याच्याबरोबरच वाकून बघतंय. त्याने मान वर केली. कुणी नव्हतं. पण कुत्रा नेमका तिथेच बघत होता.

त्याने तेल सोडलं, नळी बाहेरून जरा शेकली, गज घातला आणि लाकडी हातोडीने ठोकत राहिला. पुंगळी हलेना. पुन्हा तेल, पुन्हा ठोकणं. "सोड आता," तो पुटपुटला. कुणाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पुंगळी सुटली. श्वास सोडावा तसा आवाज झाला आणि खोलीभर जळक्या दारूचा वास पसरला. तीन वर्षांनी. आत्ताच बार काढल्यासारखा.

पुंगळीच्या अंगावर उठावाचं एक कडं होतं. खोबणीत गंजाने खड्डा धरला होता. बार होताना पितळ फुगून त्यात शिरलं आणि तिथेच अडकलं.

लेम्पी आली तेव्हा त्याने सगळं टेबलावर मांडून ठेवलं होतं. ती उभ्यानेच बघत राहिली.

"म्हणजे त्याने स्वतःला..."

"नाही. पहिला बार हाक होती. पुढचे दोन निघालेच नाहीत. शेवटपर्यंत खटपट करत होता तो, बघ ना." त्याने काड्या तिच्याकडे सरकवल्या.

लेम्पीने एक काडी उचलली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला.

"मी ऐकला होता तो बार," ती म्हणाली. "एकच ऐकला. म्हटलं, मिळाला एल्क. मांसासाठी टब घासून ठेवला मी. सुऱ्यांना धार लावली."

लेम्पीने काडी परत टेबलावर ठेवली.

"अजून येतो कानावर. शरदात, वारा पडला की. एकच. मग मी दुसऱ्याची वाट बघत बसते. वेडी म्हणशील."

"मीपण ऐकलाय," काउको म्हणाला. हे त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

पाद्रीबाबांना आणि फौजदाराला त्याने काड्या दाखवल्या, ओरखडे दाखवले. एस्कोला देवळाच्या आवारात, त्याच्या वडिलांशेजारी जागा मिळाली. गाव झाडून आलं. दुकानातल्या बायकांनी लेम्पीसाठी कॉफी केली, पाव आणले आणि तिच्या नजरेला नजर न देता वाढले.

लेम्पीच्या सांगण्यावरून काउकोने रायफल दुरुस्त केली. खोबण घासून साफ केली, नवी आकडी बसवली. ती घ्यायला आली तेव्हा लेम्पी म्हणाली, "माझ्याबरोबर दलदलीपर्यंत चल."

बर्फ नुकतं पडलं होतं. नदीच्या काठाशी दोघं थांबली. पलीकडे कोठाराचे वासे काळे दिसत होते. लेम्पीने एकच काडतूस भरलं. हाक ऐकणाऱ्याने एक बार काढून उत्तर द्यायचं असतं; म्हणजे अडकलेल्याला कळतं, की माणसं निघालीत.

तिने आभाळाकडे नळी करून बार काढला. त्या दलदलीवरून बाराचा आवाज नेहमी दोनदा फिरून येतो. त्या दिवशी आला नाही. पाण्यात दगड बुडावा तसा पलीकडे गेला आणि संपला.

लेम्पीने बोल्ट मागे ओढला. पुंगळी अलगद उडाली आणि बर्फात रुतली.

ती थोडा वेळ कान देऊन उभी राहिली. मग डोक्याचा रुमाल नीट बांधून घेतला आणि रायफल खांद्याला अडकवून घराकडे चालू लागली.