फोनवर ऐकवायची गाडी

एका माणसापुरता चहा केला की भांडं मोठं पडतं आणि चहा कडेलाच करपतो.

घाट चढताना बोलायचं नसतं. गाडी ऐकायची असते.

तीन महिन्यांसाठी गेलेल्या बाईचं जाड स्वेटर घरीच राहतं.

चोक ओढला की थंड इंजिनाला नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल मिळतं.

नात हसते म्हणून आजी ‘मले’ म्हणायचं सोडून देते.

हे सगळे तुकडे दोन माणसांचे आहेत. एक बुलढाण्यात, धाड रोडच्या बाजूला, आंब्याखाली गाडी उभी असलेल्या घरात. दुसरं पुण्यात, सातव्या मजल्यावर.

चिंतामणराव कचेरीतून निवृत्त झाले त्याच वर्षी शकुंतलाबाई लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या. स्वरदाची रजा संपली, मग पाळणाघर मिळेना, मग बाळाला आजीशिवाय झोप येईना. आता ते बाळ शाळेत जातं. शकुंतलाबाई अजून पुण्यातच आहेत. कोणी त्यांना धरून ठेवलेलं नाही. कोणी बोलावलेलंही नाही.

संध्याकाळी सहाला त्यांचा फोन येई. जेवण काय केलं. गोळी घेतली का. नळ आला का. एवढ्यात विषय संपत. मग दोघंही फोन कानाला धरून थांबत, दुसऱ्यानं ठेवावा म्हणून.

एकदा असंच थांबलेले असताना चिंतामणराव अंगणात होते. बॅटरी उतरू नये म्हणून त्यांनी फियाट चालू केली. तिकडून आवाज आला, “बंद नका करू. राहू द्या जरा.”

त्यांनी फोन बॉनेटवर ठेवला.

कचेरी सुटल्यावर ही गाडी कोपऱ्यावर वळायची तेव्हा त्या स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवायच्या. वर्षानुवर्षं. कोपऱ्यापासून फाटकापर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्या दिवशी त्यांनी पुण्यात गाडी ऐकली आणि म्हणाल्या, “झालं. आले तुम्ही.”

तेव्हापासून रोज. सहाला चोक ओढायचा, गाडी चालू करायची, फोन बॉनेटवर. चहाला लागतो तेवढाच वेळ. मग गाडी बंद, फोन बंद. पुण्याच्या सातव्या मजल्यावरून रस्त्याचा नुसता गोंगाट येतो, त्यातली एकही गाडी आपल्या घरची नसते. आणि इकडे चिंतामणरावांना बोलायला काही सुचायची गरज राहिली नाही.

गाडी फाटकाबाहेर मात्र गेली नाही. एकटं कुठं जायचं? भाजी चालत आणता येते. धाडच्या बाजाराला जीप असते.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी शकुंतलाबाई म्हणाल्या, “अहो, ती लंगडते.”

“कोण?”

“गाडी. तिघं चालतात, एक मागं राहतो.”

“फोनचा दोष असेल.”

“फोनमध्ये तुम्ही बरोबर ऐकू येता.”

त्यांनी बॉनेटला कान लावला. त्यांना काही कळलं नाही.

हरिओम मिस्त्री मोटारसायकलवर आला, डिक्कीत हत्यारं घेऊन. त्याचा बाप याच गाडीचं काम करायचा. त्यानं गाडीला एक चक्कर मारली, दारावर बोट फिरवलं, बोटाला धूळ लागली नाही.

“काका, नवरीवानी ठेवली हो गाडी.”

“मग?”

“मग काई नाही. नवरीले दम लागून राह्यला.”

त्यानं चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. तीन राखाडी निघाले. तिसऱ्या नंबरचा काळा होता आणि ओला.

“हे पाहा. इथं आग पुरी लागतच नाही.”

“प्लग बदलून टाक.”

“थांबा न काका. डॉक्टरकडं गेले का तुम्हीच गोळीचं नाव सांगता का?”

कॉइलची वायर काढून त्यानं बाजूला केली. मग पहिल्या प्लगच्या भोकात एक नळी पिळून बसवली. नळीच्या टोकाला घड्याळासारखं गेज होतं. “ॲक्सिलेटर पूर्ण दाबून ठेवा अन् सेल्फ मारा.”

चिंतामणराव आत बसले. सेल्फ मारला. इंजिन पेटलं नाही, नुसतं फिरलं, धाप लागल्यासारखं. काटा टप्प्याटप्प्यानं चढला आणि शंभराच्या वर थांबला. दुसरा शंभर. तिसरा साठीवरच अडकला. चौथा पंचाण्णव.

“सिलिंडर हवा दाबते,” हरिओम म्हणाला. “दाबली तरच जोर. हा दाबत नाही, कुठून तरी सोडून देते. वरून सोडत असन तं वॉल्व. खालून सोडत असन तं पिस्टनच्या रिंगा.”

“कसं कळणार?”

“तेल टाकून. तेलानं रिंगांची फट थोड्या वेळापुरती बुजते. काटा चढला तं समजा रिंगा गेल्या.”

तेवढ्यात फोन वाजला. सहा.

चिंतामणरावांनी उचलला, “हरिओम आलाय,” एवढं म्हणाले आणि सवयीनं फोन बॉनेटवर ठेवायला गेले. बॉनेट उघडं होतं. फोन रेडिएटरवरच्या पट्टीवर बसला.

हरिओमनं तिसऱ्या भोकात चमचाभर तेल सोडलं. पुन्हा सेल्फ. काटा साठीला थांबला नाही. सत्तर, ऐंशी, पंचाण्णव.

“रिंगा,” तो म्हणाला. मग फडक्याला हात पुसत बसला, नको इतका वेळ. “काका, एक इचारू? गाडी चालवली कधी शेवटची?”

“रोज चालू करतो.”

“चालू नाही. चालवली.”

चिंतामणरावांनी फाटकाकडे पाहिलं.

“तुम्ही चोक वढता, थंडी गाडी पेट्रोल जास्त पिते. ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकते. आता गाडी गरम झाली, रस्त्यानं पळाली, तं सगळं जुळून येते. पण तुम्ही गरम व्हायच्या आंधीच बंद करता. रोज. मंग रिंगा सुक्या घासतात, काजळी धरते, तिथंच बसून जातात. गाडी चालवून नाही बिघडली तुमची. जागेवरच बिघडली. काऊन करता असं?”

या प्रश्नाचं उत्तर रेडिएटरवर होतं आणि सगळं ऐकत होतं.

“हरिओम,” फोन म्हणाला.

तो दचकला. “काकू? नमस्कार. मले वाटलं फोन बंद हाय.”

“आता तेल आहे ना आत? मग एकदा चालू कर.”

“धूर होईन, काकू.”

“होऊ दे. धूर पुण्याला येत नाही.”

त्यानं प्लग बसवले, वायर जोडली. गाडी पहिल्याच झटक्याला लागली. मागून निळा धूर निघाला, आंब्याच्या खालच्या फांद्या दिसेनाशा झाल्या. आणि धुरात आवाज. चारही जणांचा, एकामागून एक, न अडखळता. चिंतामणरावांना इतक्या महिन्यांत जे कळलं नव्हतं ते आता कळलं, कारण आता ते परत आलं होतं.

“हाच,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “मले हाच ऐकू येत जाय.”

पुढं त्या काही बोलल्या असतील. गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही.

मग धूर विरळ झाला. एक ठोका चुकला. थोड्या वेळानं आणखी एक. मग पुन्हा तेच, तिघं चालतात, एक मागं राहतो. हरिओमनं चावी फिरवून गाडी बंद केली.

“किती वेळ टिकतं हे?” फोनमधून.

“तेल जळेपर्यंत, काकू.”

चिंतामणरावांनी हरिओमला दंडाला धरून आंब्याच्या बुंध्याकडे नेलं. हळू आवाजात म्हणाले, “रोज चमचाभर टाकलं तर?”

“रोज?”

“सहाच्या आधी. मी शिकून घेईन.”

हरिओम हसणार होता. त्यांच्या तोंडाकडे पाहून हसला नाही. “काका, बिमार माणसाले पावडर लावून खुर्चीत बसवल्यावानी होईन ते. आज चार नंबर चांगला हाय, उद्या तोही जाईन. इंजिन उघडा लागते. बोअर पाहू, रिंगा मागवू.”

“किती दिवस?”

“जुन्या गाडीचे पार्ट. महिना धरा, जास्तच.”

“तोवर आवाज?”

“आवाज कुठून येईन? इंजिन टेबलावर राहीन.”

चिंतामणराव फोनकडे परत आले. महिनाभर रोज सहा वाजणार होते. जेवण काय केलं, गोळी घेतली का, नळ आला का, आणि त्यापुढं रिकामं.

“ऐकलंस?” त्यांनी विचारलं.

“ऐकलं. राहू द्या तशीच. लंगडली तर लंगडली. मला चालतं.”

त्यांनाही चाललं असतं. लंगडा आवाजही आवाजच. होकार ओठावर आला होता.

“नाही शकू,” ते म्हणाले. “उभं राहूनच बिघडली ती.”

त्यांनी फोन पट्टीवरून उचलून कानाला लावला.

“तू ये.”

हरिओम हत्यारं गोळा करायला लागला, गरजेपेक्षा मोठा आवाज करत.

“स्वरदाला सांगू नको मी म्हणालो म्हणून.” लगेच म्हणाले, “नाही, सांग. मी म्हणालो म्हणून सांग.”

पुण्यात कुकरची शिट्टी झाली. “गॅस बंद करून येते,” असं म्हणून त्या गेल्या. चिंतामणराव फोन धरून उभे राहिले. परक्या स्वयंपाकघरातला पंखा ऐकू येत होता, कोणी तरी खुर्ची सरकवली. मग त्या आल्या.

“हरिओमला म्हणा, उघड.”



दुसऱ्या दिवशी जीपला साखळदंड बांधून हरिओम गाडी ओढत घेऊन गेला. आंब्याखाली गाडीच्या आकाराची मोकळी जमीन उरली, मध्ये तेलाचा डाग.

सहाला फोन वाजला. चिंतामणराव ओट्यावर बसून होते. उचलला. दोघंही थांबले, रोज गाडीसाठी थांबायचे तसे.

“काय करता आहात?”

“ऐकतोय.”

“काय?”

“काही नाही. तू बोल.”

मग त्या बोलायला लागल्या. गुडघ्याचं आधी. मग नात ‘मले’ला हसते आणि शाळेतल्या बायकाही हसतात, म्हणून आता आपण घरातसुद्धा तोंड सांभाळून बोलतो ते. लिफ्टमध्ये कोणी कोणाकडे बघत नाही ते. चहाचं आधण ठेवायला इथं निमित्तच नाही, वाटेल तेव्हा ठेवा. मधेच रडल्या असाव्यात, कारण वाक्य अर्धं राहिलं आणि पुढचं वेगळंच सुरू झालं. चिंतामणराव मध्ये बोलले नाहीत. घाट चढताना बोलत नसत तसे.

शेवटी त्यांनी विचारलं, “मग? येतेस?”

“उद्या परत विचारा,” शकुंतलाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला नाही.

गाडी घेतली तेव्हा चिंतामणरावांना चालवता येत नव्हती. खामगावहून बोथ्याच्या घाटातून ती शकुंतलाबाईंनी इंजिनाचा आवाज ऐकत घरी आणली, आणि ते शेजारी मांडीवर नारळ घेऊन बसले होते.